वाचकांचे प्रश्न : बाराव्या दिवशी अडलेली कादंबरी

महिन्याभरात कादंबरीचा खर्डा पुरा करण्याचा उपक्रम आता आपल्याकडेही रुजू लागला आहे. त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर घाईचे होते, म्हणून त्यातला मुख्य भाग त्याच दिवशी ईमेलने कळवला होता. येथे तो विस्ताराने देत आहे.

प्रश्न : मी साताऱ्यात एका बँकेत अधिकारी आहे. आम्ही पाच मैत्रिणींनी 1 नोव्हेंबरपासून 30 दिवसांत प्रत्येकी 50,000 शब्दांची कादंबरी लिहिण्याचे ठरवले. माझे वडील एसटीत कंडक्टर होते आणि माझा नायक सदा हाही 1983 सालचा, मुक्कामाच्या गाडीवरचा कंडक्टर आहे. पहिला आठवडा झपाट्यात गेला. आज बारावा दिवस आहे. 20,000 शब्द व्हायला हवे होते, झाले आहेत 14,200. रात्री स्वयंपाकघर आवरून साडेनऊला बसते, आदल्या दिवशीचे वाचते आणि ते इतके बेचव वाटते की पुढे हातच चालत नाही. रोज लिहिलेले एक पान प्रत्येकीने व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकायचे असा आमचा नियम आहे, त्याचीही आता धास्ती वाटते. दहाव्या दिवशीचे एक पान सोबत जोडले आहे. सुरुवातीची उमेद परत कशी आणावी? की हा नाद सोडून द्यावा?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : नाद सोडण्याचा विचार करण्याआधी तुमचा हिशेब एकदा तपासू. तुम्ही बँकेत आहात, तेव्हा आकडेमोडीने सुरुवात केलेली तुम्हाला रुचेल अशी आशा आहे.

50,000 हा आकडा आला कुठून? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी नावाच्या तरुणाने जुलै 1999 मध्ये 21 जणांच्या टोळक्यासह हा उद्योग पहिल्यांदा केला. आपल्या कपाटातल्या एका छोट्या कादंबरीच्या शब्दसंख्येचा ढोबळ अंदाज घेऊन त्याने हा आकडा ठरवला होता. पुढे जगभरातले लाखो लोक त्यात सामील झाले आणि त्यासाठी एक संस्थाही उभी राहिली. ती संस्था बंद करत असल्याचे 2025 मध्ये जाहीर झाले, परंतु 30 दिवस, 50,000 शब्द आणि म्हणून रोजचे 1,667 शब्द हे गणित लोकांच्या अंगवळणी पडले आहे. हे गणित इंग्रजीचे आहे, ही गोष्ट मात्र आपण सोयिस्करपणे विसरतो. मराठी आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटवून लिहिते. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द सांगायला इंग्रजीत पाच-सहा सुटे शब्द खर्ची पडतात, आणि वर नामापुढची उपपदे असतात ती वेगळीच. तोच मजकूर मराठीत शब्दांच्या मोजणीने साधारण पाव हिस्सा कमी भरतो, असा माझा स्वतःचा अंदाज आहे. कोणत्याही अनुवादाचे एक पान मुळाशी ताडून तुम्हाला तो पडताळता येईल. याचा अर्थ असा की 50,000 मराठी शब्दांचा संकल्प करणारी व्यक्ती मूळ उपक्रमापेक्षा बरेच मोठे पुस्तक लिहायला निघालेली असते आणि आपण मागे का पडतो याचे तिला कोडे पडते.

तुमचे लक्ष्य 40,000 धरा. मग रोजचे 1,333 होतात आणि बाराव्या दिवशी तुम्ही 16,000 वर असायला हव्या होतात. म्हणजे तुमची तूट 5,800 शब्दांची नसून 1,800 शब्दांची आहे. उरलेल्या 18 दिवसांत रोज 1,433 शब्द लिहिले तरी खर्डा पुरा होतो. जुन्याच लक्ष्याला धरून बसलात तर रोज 1,989 लिहावे लागतील. दिवसभर काउंटर सांभाळून आलेल्या बाईला रात्री साडेनऊनंतर ते जमणार नाही, आणि जमले तरी मी त्याची शिफारस करणार नाही. शिवाय दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते. त्या दोन सकाळी घरच्यांना आधी सांगून राखून ठेवल्यात, तर आठवड्यातल्या एखाद्या भाकड रात्रीची भरपाई होईल.

आता उमेदीविषयी. पहिल्या आठवड्यात जे भराभर उतरले ते तुम्ही त्या आठवड्यात रचलेले नव्हते. वडिलांची खाकी, पत्र्याचा तिकिटांचा ट्रे, पंचची टिकटिक, सुट्या पैशांवरून होणारी रोजची वादावादी, हे सारे तुमच्या मनात पंचवीस-तीस वर्षे मुरत पडले होते. ते सात-आठ दिवसांत वापरून संपले. दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येकाची गाडी अडते ती याच ठिकाणी, कारण तिथून पुढे आठवणे पुरत नाही, घडवावे लागते. आपण त्याला ‘उमेद गेली’ असे म्हणतो. वास्तविक उद्या काय घडणार हे ठरलेले नसल्यामुळे बसण्याची भीती वाटत असते, आणि ती भीती चहा घेऊन किंवा थोरांची वचने भिंतीवर डकवून जात नाही.

तुम्ही पाठवलेल्या पानावरच हे दिसते. सदा रात्री गाडीत आडवा झाला आहे. त्याला आई आठवते, मग नदी आठवते, मग शाळा आठवते. अडीचशे शब्दांच्या त्या मजकुरात ‘आठवले’ हे क्रियापद सहा वेळा आले आहे. भाषा वाईट नाही, एक-दोन वाक्ये तर मला आवडली. पण सदाला त्या रात्री काहीही नको आहे, कशाचीही घाई नाही आणि कसलीही अडचण नाही. ज्याला काही नको असते अशा माणसाविषयी रोज तेराशे शब्द लिहिणे कोणालाही जड जाईल.

म्हणून त्याला एक अडचण द्या, आणि ती त्याच्या धंद्यातलीच द्या. मुक्कामाला पोहोचल्यावर कंडक्टर काय करतो, हे तुम्ही घरात पाहिले-ऐकले आहे. तो वेबिल, म्हणजे विकलेल्या तिकिटांचा तक्ता, आणि रोकड यांचा मेळ घालतो. समजा, मेळ बसत नाही:

‘गाडी देवळापुढे उभी होती. ड्रायव्हर शाळेच्या ओट्यावर केव्हाच घोरू लागला होता. सदाने बॅटरी दातांत धरून नोटा पुन्हा मोजल्या, मग चिल्लर मोजली. वेबिलावरची तिकिटे बरोबर होती. पिशवीत साडेअठरा रुपये जास्त भरत होते.’

रोकड कमी भरली तर खिशातून घालून मोकळे होता येते. जास्त भरली तर पैसे घेतले आणि तिकीट दिले नाही असा अर्थ निघतो, आणि कंडक्टरच्या नोकरीत त्याहून मोठा बट्टा नाही. आता सदाला झोप येणार नाही. कोणत्या थांब्यावर कोण चढले, कोणाला तिकीट द्यायचे राहिले, हे त्याला आठवावेच लागेल, आणि त्या आठवणींत आई आली, नदी आली, तरी त्या प्रसंगाच्या कामाच्या असतील. पहाटे साडेपाचला गाडी परत निघायच्या आत ते पैसे ठेवायचे, टाकून द्यायचे की कोणाला सांगायचे, हे त्याला ठरवायचे आहे. माझ्या अंदाजाने येथे तुमचे तीन रात्रींचे काम आहे. हे साडेअठरा रुपयेच घ्या असा माझा आग्रह नाही, परंतु रात्री बसण्यापूर्वी, भांडी आवरताना म्हणा हवे तर, ‘आज सदाला काय हवे आहे आणि ते का मिळत नाही’ एवढे एक वाक्य मनाशी ठरवून मगच टेबलाशी या.

उठतानाही असेच एक वाक्य मागे ठेवावे. प्रसंग पुरा करून समाधानाने उठलात तर दुसऱ्या रात्री कोरे पान समोर येते. पुढचे माहीत असतानाच थांबावे, असे अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे सांगत असे, आणि एरवी मी लेखकांच्या सवयी उसन्या घेण्याच्या विरुद्ध असलो तरी हिचा गुण मी स्वतः अनुभवला आहे. सदा बॅटरी घेऊन शेवटच्या बाकाखाली वाकला आहे, तिथेच वही मिटा.

आदल्या दिवशीचे वाचणे मात्र या महिन्यापुरते बंद करा. शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा. यावर एक आक्षेप येऊ शकतो, तो मीच मांडतो. अँथनी ट्रॉलप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करत असे आणि पहाटे साडेपाचपासून साडेआठपर्यंत लिहून मग कामाला जात असे. समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द ही त्याची गती होती, आणि 1883 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या आत्मचरित्रात त्याने हे कसलाही संकोच न बाळगता सांगून टाकले आहे. हा ट्रॉलप रोज पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे वाचण्यात घालवत असे. पण त्याच्याकडे तीन तास होते आणि हाताला अनेक वर्षांचे वळण होते. शिवाय पहाटे कॉफी घेऊन उठवायला त्याने नोकर ठेवला होता, त्याला वर्षाला पाच पौंड जास्तीचे देत असे. तुमच्याकडे दीड तास आहे. त्यातला अर्धा तास स्वतःला नावे ठेवण्यात घालवणे तुम्हाला परवडणारे नाही.

मजकुराची पारख थांबवली की आणखी एक वाट बंद करावी लागते, ती म्हणजे माहिती शोधण्याची. 1983 मध्ये सातारा ते महाबळेश्वर तिकीट किती होते, हे बघायला तुम्ही मोबाइल हातात घेतलात की ती रात्र गेली. वाक्यात ‘भाडे नंतर’ असे लिहून पुढे चला. माझ्या एका खर्ड्यात अशा सोडलेल्या जागा शंभरावर होत्या आणि त्या भरायला नंतर जेमतेम आठवडा लागला.

राहिला तुमचा गट. रोज पान टाकण्याचा नियम मोडा, आणि शक्य असेल तर पाचही जणींनी मिळून मोडा. मी स्वतः पहिल्या वर्षी एकोणिसाव्या दिवशी थांबलो, त्याचे कारण हेच होते. एका जवळच्या मित्राला मी पहिले प्रकरण वाचून दाखवले. तो काही वाईट बोलला नाही. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘चांगलं आहे, लिही पुढे.’ त्या थोड्या वेळाच्या गप्प बसण्यावर मी पुढची रात्र घालवली, आणि नंतरची दुसरीही. मित्राचा दोष नव्हता, कच्चा मजकूर मी दाखवायलाच नको होता. गटाचा उपयोग निराळा आहे. आज कोणी बसले का आणि किती शब्द झाले, एवढाच आकडा रात्री अकराला टाका. शून्य झाले असतील तर शून्य टाका. माझ्या पाहण्यात असे शून्य टाकणारी माणसे गटात टिकली आहेत आणि गप्प राहणारी हळूहळू गळाली आहेत.

ता. क. : या वाचकांनी 28 तारखेला कळवले की खर्डा 33,000 शब्दांवर गेला आहे आणि साडेअठरा रुपयांचा घोळ अद्याप मिटलेला नाही. बाकीच्या चौघींपैकी दोघी थांबल्या आहेत, पण आकड्यांच्या गटात त्या अजून शून्य टाकतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, वय 67. संगणकावर देवनागरी टंकलेखन जमते, पण एक पान व्हायला तास लागतो आणि तेवढ्यात लिहिण्याचा हुरूप ओसरतो. हाताने लिहिले तर शब्द मोजणार कसे? मोबाइलवर बोलून लिहिण्याची सोय आहे, ती या कामी वापरणे योग्य की ती फसवणूक?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बोलून कादंबरी सांगणे ही फसवणूक असेल तर रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीलाही त्या आरोपाखाली उभे करावे लागेल. त्याने स्तेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाशी केलेल्या कराराची मुदत 1 नोव्हेंबर 1866 रोजी संपत होती. तोवर नवी कादंबरी हाती दिली नाही तर पुढची नऊ वर्षे त्याचे लेखन मोबदल्याशिवाय छापण्याचा हक्क त्या प्रकाशकाला मिळणार होता. ऑक्टोबर उजाडला तरी कागदावर काही नव्हते. तेव्हा अ‍ॅना स्नित्किना या वीस वर्षांच्या लघुलेखिकेला बोलावून त्याने 26 दिवसांत कादंबरी सांगून पुरी केली. दिवसा तो सांगे, ती घरी नेऊन सुवाच्य प्रत करी आणि दुसऱ्या दिवशी तो त्यावर हात फिरवी. पुढच्या फेब्रुवारीत त्या दोघांनी लग्न केले. उपक्रमात सामील होणाऱ्यांनी एवढी अपेक्षा ठेवू नये.

या हकिकतीत तुमच्या उपयोगाच्या दोन गोष्टी आहेत. दस्तयेवस्की रिकाम्या डोक्याने सांगायला बसत नसे, रात्री टिपणे काढून ठेवत असे. तुम्हीही आधी पाच-सहा ओळींचे टिपण वहीत करून मगच मोबाइलसमोर बोला, नाहीतर वर्गात विषयांतर होते तसे होईल आणि त्याची शब्दसंख्याही भरपूर भरेल. दुसरी गोष्ट अशी की रोज ठरल्या वेळी ऐकायला कोणीतरी समोर येत होते. मोबाइल तसे करत नाही. घरात कोणी ऐकणारे असेल, आणि ऐकून मत न देणारे असेल, तर त्यांना शेजारी बसवा.

यंत्राच्या मर्यादाही ध्यानात घ्या. विरामचिन्हे ते फारशी घालत नाही आणि बोली त्याला समजत नाही. तुमच्या पात्रांच्या तोंडी रत्नागिरीकडची भाषा असेल तर यंत्र तिला सरळ करून प्रमाण मराठीत बसवील आणि तुमच्या ते लगेच लक्षातही येणार नाही. म्हणून निवेदन बोलून घ्यावे आणि संवाद हाताने लिहावेत, असा मधला मार्ग मी सुचवतो.

आणि सगळेच हाताने लिहायचे ठरवले तरी मोजणी अवघड नाही. फुलस्केप वहीच्या दहा ओळींतले शब्द मोजून एका ओळीची सरासरी काढा आणि पानावरच्या ओळींनी गुणा. मध्यम अक्षराच्या माणसाचे पान सव्वादोनशे ते अडीचशे शब्दांचे भरते. रोज सहा पाने लिहिली की झाले. मग शब्द मोजूच नका, पाने मोजा. शिक्षकाला वही तपासण्याची सवय असते, त्यामुळे लाल शाईचे पेन मात्र त्या महिन्यात घरात ठेवू नका.

प्रश्न : दरवर्षी नोव्हेंबरमध्ये भाग घ्यायचे ठरवतो आणि दिवाळी आली की गाडी रुळावरून घसरते. सणाच्या दिवसांत खोलीचे दार लावून बसले की घरच्यांचे चेहरे बघवत नाहीत. सणावारात लिहिण्याची जिद्द कशी टिकवावी?
(एक वाचक, पिंपरी)

उत्तर : टिकवू नये. महिना बदलावा.

पहिल्या वर्षी हा उपक्रम जुलैत झाला होता. दुसऱ्या वर्षी, म्हणजे 2000 मध्ये, तो नोव्हेंबरात नेला, कारण तिकडे त्या महिन्यात हवा इतकी वाईट असते की घराबाहेर पडावेसे वाटत नाही. आपल्याकडे नोव्हेंबर हा घराबाहेर पडण्याचाच महिना आहे. पाऊस संपलेला, ऊन कोवळे, आणि त्यात अनेकदा दिवाळी. 2024 मध्ये तर 1 नोव्हेंबरलाच लक्ष्मीपूजन होते, म्हणजे उपक्रमाचा पहिला दिवस फराळ आणि पाहुणे यांतच गेला आणि तिसऱ्या दिवशी भाऊबीज उभी राहिली. अशा वेळी जो दार लावून बसतो त्याच्या जिद्दीचे कौतुक मला वाटत नाही. शिवाय दिवाळीत आपल्या हाती दिवाळी अंक पडतात. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली ही चाल आजही टिकून आहे, आणि ते दिवस लिहिण्यापेक्षा वाचण्याचे आहेत असे मी मानतो.

मला विचाराल तर मराठी माणसाने पौष निवडावा. पौषात लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत, त्यामुळे पत्रिका येत नाहीत, मुंज नाही, आणि दर रविवारी कोणत्या ना कोणत्या कार्यालयात जेवायला जाण्याचा प्रसंग टळतो. मधे संक्रांत येते, तिच्यासाठी एक दिवस सोडला की पुरे. साधारण डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत थंडी असते, पहाटे उठून बसले तर डोके शांत राहते आणि घरचेही पांघरुणात असल्याने कोणाचा चेहरा बघायची वेळ येत नाही. मी माझा दुसरा प्रयत्न पौषात केला आणि तो पुरा झाला. आषाढही चालेल, पण पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा कागदाची सोय जवळ ठेवावी.

सुमारे पावणेतीन वर्षांनी येणारा अधिक महिनाही या कामाला वाईट नाही, कारण त्यातही शुभकार्ये होत नाहीत. फक्त तुमचे नुकतेच लग्न झाले असेल तर तो धरू नका. धोंड्याच्या महिन्यात जावयाला सासरी जेवायला जावेच लागते, आणि अनारसे खाऊन आल्यावर त्या दिवशी लिहिणे होत नाही.